पदवी अप्रेंटिसशिप : मोठ्या कंपनीतील चार वर्षांची उमेदवारी

कृष्णाकाठ

इंग्लंडमधल्या एका मोठ्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीतली माझी चार वर्षांची पदवी अप्रेंटिसशिप 2025 च्या उन्हाळ्यात पूर्ण झाली. मुलांनी ए-लेव्हल, म्हणजे विद्यापीठाआधीच्या शालेय परीक्षांनंतर काय करावे, असा प्रश्न इथले अनेक पालक विचारतात आणि चर्चा बहुतेक वेळा विद्यापीठांच्या क्रमवारीपाशी येऊन थांबते, म्हणून या दुसऱ्या वाटेविषयी स्वतःच्या अनुभवातून सविस्तर लिहीत आहे. आम्ही सांगलीहून इथे आलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते. 2021 च्या सप्टेंबरमध्ये नोकरीवर रुजू झाले त्या वेळी अठरा पूर्ण झाली होती.

आजोबांना फोनवर ही बातमी सांगितली तेव्हा त्यांनी काळजीने विचारले, "म्हणजे कॉलेजात प्रवेश मिळाला नाही का?" त्यांचा प्रश्न रास्त होता. आपल्याकडे अप्रेंटिस म्हटले की आयटीआय झालेला, कारखान्यात किंवा एसटीच्या आगारात विद्यावेतनावर वर्षभर काम शिकणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो. मला मिळत होता तो पगार होता. माझ्याशी नोकरीचा करार झाला होता, भरपगारी रजा होती, निवृत्तिवेतनाची वर्गणी कापली जात होती आणि त्याच कराराचा भाग म्हणून विद्यापीठात व्यवसाय व्यवस्थापनाची पूर्ण पदवी करायची होती. त्या वर्षी विद्यापीठात गेलेल्या माझ्या मैत्रिणींचे वार्षिक शुल्क 9,250 पौंड होते आणि त्यासाठी त्यांनी कर्ज काढले. माझे शुल्क मला भरावे लागले नाही, कारण अप्रेंटिसकडून प्रशिक्षणाचा खर्च घेण्यास नियमानेच मनाई आहे.

इंग्लंडमध्ये ही योजना 2015 मध्ये सुरू झाली. मी केलेल्या अभ्यासक्रमाला चार्टर्ड मॅनेजर पदवी अप्रेंटिसशिप म्हणतात. त्याची पातळी सहावी, म्हणजे कोणत्याही बी.ए. किंवा बी.एस्सी. पदवीच्या बरोबरीची आहे, आणि कालावधी साधारण चार वर्षांचा असतो. मी दाखल झाले तेव्हा कामाच्या तासांपैकी किमान 20 टक्के वेळ प्रशिक्षणासाठी राखून ठेवण्याचा नियम होता. ऑगस्ट 2022 ते जुलै 2025 या काळात दाखल झालेल्यांसाठी तो आठवड्याला किमान सहा तास असा होता. माझ्या बाबतीत शुक्रवार हा अभ्यासाचा दिवस होता आणि वर्षातून काही वेळा सलग तीन-चार दिवस विद्यापीठात जाऊन बसावे लागे.

पहिले सहा महिने खरेदी विभागात गेले. महासाथीमुळे निम्मे काम घरून चालत होते, आणि अठराव्या वर्षी शेजारी कोणी बसलेले नसताना काम शिकणे अवघड जाते, हे मला तेव्हा कळले. पुरवठादारांची बिले आणि मागणीपत्रे एकमेकांशी ताडून पाहायची, एवढेच काम माझ्याकडे होते. त्याची गोडी लागायला वेळ लागला. मात्र बिल थकले की लहान पुरवठादाराचा फोन येतो आणि त्याच्या आवाजातून त्याची अडचण ऐकू येते. खेळत्या भांडवलावरचा धडा मी पुढच्या वर्षी शिकले, पण तो मला समजला त्या फोनवर.

दुसऱ्या वर्षी मी पुरवठा नियोजनात होते. दर मंगळवारी दुपारी बारापर्यंत पुढच्या आठवड्याची मागणी गोदामाकडे पाठवायची असे. विक्री विभागाचे आकडे खोक्यांत येत आणि आमचा तक्ता पॅलेटमध्ये, म्हणजे ज्यावर खोकी रचतात त्या लाकडी चौकटींच्या हिशोबात होता; त्या मालाची 60 खोकी म्हणजे एक पॅलेट. एका मंगळवारी मी घाईत 240 खोक्यांचा आकडा भागाकार न करताच तक्त्यात भरला. चार पॅलेटच्या जागी 240 पॅलेटची मागणी गेली. वीस मिनिटांत गोदामाच्या पाळीप्रमुखांचा फोन आला. ते मुळीच रागावले नाहीत. "हे दहा ट्रेलर होतात, आणि माझ्याकडे तीन ट्रेलरपुरतीही मोकळी जागा नाही. तू आकडा भरतेस तेव्हा तुला जमीन दिसते का?" एवढेच त्यांनी शांतपणे विचारले. एका ट्रेलरमध्ये 26 पॅलेट मावतात, हे त्या दिवसापासून मी विसरलेले नाही. पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले, सकाळच्या पाळीत चार तास उभी राहिले आणि माल उतरताना पाहिला. त्यानंतर तक्त्यात एक साधी सोय केली : मागील आठ आठवड्यांच्या सरासरीच्या तिपटीहून मोठा आकडा आला की तो रकाना लाल होतो. त्याच सत्रात कार्यव्यवस्थापन हा विषय होता, आणि ही चूक, तिचे कारण व तिच्यावरचा उपाय हाच माझ्या निबंधाचा विषय झाला. केलेले काम शुक्रवारी तपासायला घ्यायचे आणि शुक्रवारी वाचलेले सोमवारी कामात वापरून पाहायचे, हे या पदवीचे मर्म आहे असे मला वाटते.

लेखनाची एक अडचण मात्र मराठी वाचकांना सांगायलाच हवी. या अभ्यासक्रमात ज्ञान, कौशल्ये आणि वर्तन अशा तीन शीर्षकांखाली आपण काय शिकलो याचे पुरावे एका फाइलमध्ये चार वर्षे जमवावे लागतात. माझ्या पहिल्या दहा पानांवर सगळीकडे "आम्ही" होते : आम्ही अहवाल केला, आम्ही पुरवठादाराशी बोललो. तपासणाऱ्या प्राध्यापिकेने समासात लिहिले होते, "यात तू कुठे आहेस?" केलेल्या कामाचे श्रेय एकट्याने घेऊ नये, हे आपल्या घरांत न शिकवताही अंगात मुरते. "मी" लिहिताना मला फुशारकी मारल्यासारखे वाटे. बऱ्याच दिवसांनी लक्षात आले की "मी" लिहिले की चूकही आपल्याच नावावर जमा होते, आणि प्राध्यापिकेला नेमके तेच पाहायचे होते.

आता खटकलेली गोष्ट. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ज्या विभागात माझी बदली झाली, तिथल्या वरिष्ठांनी साप्ताहिक बैठक शुक्रवारी ठेवली. "तासाभराचाच प्रश्न आहे," असे ते म्हणाले. त्या तासाची तयारी गुरुवारी रात्री होई, बैठकीनंतरची कामे शुक्रवारी दुपारी होत आणि अभ्यास शनिवार-रविवारवर ढकलला जाई. मी तीन महिने कोणालाही काही सांगितले नाही. मोठ्यांना उलट बोलू नये ही शिकवण इथे माझ्या आड आली. अखेर त्रैमासिक आढाव्यात, जिथे कंपनी, विद्यापीठ आणि शिकाऊ उमेदवार असे तिघे एकत्र बसतात, विद्यापीठाच्या मार्गदर्शकाने माझ्या तासांची नोंद उघडली आणि आकडे कमी का, असे थेट विचारले. बैठक बुधवारी हलवायला त्यानंतर चार दिवस लागले. मी पहिल्याच आठवड्यात बोलले असते, तर एका विषयाचे माझे गुण वाचले असते.

---

डोंगरवाट

आपण इतक्या तपशिलाने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. आम्ही लेस्टरला राहतो आणि मुलगी यंदा बाराव्या इयत्तेत, म्हणजे ए-लेव्हलच्या पहिल्या वर्षात आहे. तिला व्यवसाय व्यवस्थापनातच रस आहे. माझे तीन प्रश्न आहेत. अठराव्या वर्षी एका कंपनीशी बांधून घेतल्याने पुढची दारे बंद होतात का? विद्यापीठातील मोकळे आयुष्य, मैत्री, नाटक-खेळ यांना मुले मुकतात, त्याचे काय? आणि माझ्या पत्नीच्या नोकरीच्या व्हिसावर आम्ही आश्रित म्हणून आलो आहोत, तर मुलगी पात्र ठरेल का? शुल्क वाचते म्हणून मी हुरळून जाऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

---

चौथा मजला

मी लीड्समध्ये वित्त विभागात काम करतो आणि गेल्या सहा वर्षांत चार शिकाऊ उमेदवार माझ्या हाताखाली शिकले, म्हणून नियोक्त्याची बाजू मांडतो.

मोठ्या कंपन्या हे का करतात, हे पालकांनी नीट समजून घ्यावे. एप्रिल 2017 पासून ज्या कंपनीचा वार्षिक वेतनखर्च 30 लाख पौंडांहून अधिक आहे, तिच्या त्यावरील वेतनखर्चावर 0.5 टक्के अप्रेंटिसशिप आकारणी लागू झाली. ते पैसे कंपनीच्या प्रशिक्षण खात्यात जमा होतात आणि ठरावीक मुदतीत न वापरल्यास हातचे जातात. चार्टर्ड मॅनेजर अभ्यासक्रमासाठी या खात्यातून जास्तीत जास्त 22,000 पौंड देता येतात. शिवाय 25 वर्षांखालील अप्रेंटिसच्या पगारावर ठरावीक मर्यादेपर्यंत नियोक्त्याला राष्ट्रीय विम्याची वर्गणी भरावी लागत नाही. म्हणजे कंपनीचे हित यात आहेच, आणि त्यात गैर काही नाही. फक्त काही विभागांना केवळ खात्यातली रक्कम संपवायची असते, तर काहींना खरोखर माणूस घडवायचा असतो. हा फरक जाहिरातीत दिसत नाही. मुलाखतीत उमेदवाराने उलट प्रश्न विचारावा : "मागच्या तुकडीतले किती जण अजून इथे आहेत आणि ते आज कोणते काम करतात?" ज्या व्यवस्थापकाकडे याचे उत्तर तयार असते, त्याच्याकडे मूल सुरक्षित आहे असे समजावे.

एक गोष्ट मला मनापासून सलते. ज्यांना कर्जाची सर्वांत जास्त धास्ती असते, त्या घरांतील मुलांसाठी ही वाट सर्वांत मोलाची आहे. पण शिक्षणातील समान संधीसाठी काम करणाऱ्या सटन ट्रस्टने वारंवार दाखवून दिले आहे की पदवी पातळीच्या जागांवर सुस्थित घरांतील मुले अधिक दिसतात, आणि बऱ्याच जागा आधीपासून नोकरीत असलेल्या कर्मचाऱ्यांकडे जातात. आपल्यापैकी जे मोठ्या कंपन्यांत निवडीच्या टेबलावर बसतात, त्यांनी आपल्या गावातल्या सरकारी शाळेत एक दिवस जाऊन ही माहिती द्यावी, अशी माझी विनंती आहे. मी दर फेब्रुवारीत, अप्रेंटिसशिप सप्ताहात, जातो. मागच्या खेपेस एका मुलाने विचारले, "सर, मुलाखतीला अंगावर कोट-सूट नसेल तर चालेल का?" या वाटेवर खरी आडकाठी कुठे असते, ते मला त्या प्रश्नाने दाखवले.

---

कृष्णाकाठ

डोंगरवाट, तुमच्या प्रश्नांना क्रमाने उत्तर देते.

कंपनीशी कायमचे बांधले जाणे असे काही नसते. माझ्या तुकडीत आम्ही अकरा जण होतो. पदवीनंतर सात तिथेच राहिले, चौघांनी दुसरीकडे नोकरी घेतली आणि त्यांपैकी दोघांना मुलाखतीत पदवीविषयी एकही प्रश्न विचारला गेला नाही, सगळे प्रश्न कामाविषयी होते. ज्या मुलाला आपल्याला नेमके काय करायचे आहे हे अजून उमगलेले नाही, त्याला मात्र ही चाकोरी जाचू शकते. व्यवसायाऐवजी मानसशास्त्र घ्यावे असे दुसऱ्या वर्षी वाटले, तर इथे विषय बदलता येत नाही, नोकरीच सोडावी लागते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गोड करून सांगणार नाही. पहिल्या वर्षीच्या ऑक्टोबरात मैत्रिणींची वसतिगृहातली छायाचित्रे येत होती आणि मी साडेसहाला उठून रेल्वे पकडत होते. वर्षाला रजा पंचवीस दिवस. विद्यार्थ्यांना कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे इथल्या घरपट्टीत मिळणारी सूट पूर्ण पगाराच्या अप्रेंटिसला सहसा मिळत नाही, त्यामुळे घर घेऊन राहायचे तर तोही हिशोब धरावा लागतो. नाटक माझ्याकडून सुटले, ते सुटलेच. माणसांच्या बाबतीत मात्र जे मिळाले ते मला विद्यापीठात मिळाले नसते : जेवणाच्या टेबलावर माझ्या शेजारी पन्नाशीचे लोक बसत आणि कोणता निर्णय का फसला, हे मोकळेपणाने सांगत.

पात्रतेबाबत मुख्य अट अशी की मागील तीन वर्षे तुमचे सर्वसाधारण वास्तव्य इथे असावे, आणि ते केवळ शिक्षणाच्या परवान्यावर नसावे. विद्यार्थी व्हिसावर अप्रेंटिसशिप करता येत नाही. आश्रित व्हिसावर काम करण्याची मुभा असते, पण त्याची मुदत संपूर्ण कालावधीला पुरते का, किंवा नूतनीकरणाची तजवीज काय, हे कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला अर्जाच्या वेळीच विचारावे. माझ्या घरी कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना अभ्यासक्रम सुरू होण्याआधी काही महिनेच मिळाला आणि तोवर आईची झोप उडाली होती. हे सर्व नियम इंग्लंडपुरते आहेत. स्कॉटलंडमध्ये ग्रॅज्युएट अप्रेंटिसशिप नावाची वेगळी व्यवस्था आहे.

---

निळी शाई

धागाकर्तीचे अनुभव खरे आहेत, पण माझी वाट मध्येच तुटली. तोही अनुभव इथे नोंदलेला असावा असे वाटते. मीही अशाच एका मोठ्या कंपनीत होतो, क्षेत्र वेगळे. दुसरे वर्ष संपताना आमचा संपूर्ण विभाग बंद करण्याचा निर्णय झाला आणि माझी नोकरी गेली. नोकरी गेली म्हणजे अप्रेंटिसशिपही गेली, कारण ती नोकरीवरच उभी असते. अभ्यासक्रमाचा किमान 75 टक्के भाग झालेला असेल किंवा सहा महिन्यांहून कमी काळ उरला असेल, तर उरलेले प्रशिक्षण सरकारी निधीतून पूर्ण करता येते. मी मध्यावर होतो, त्यामुळे मला दुसरा नियोक्ता शोधण्यासाठी 12 आठवडे मिळाले.

त्या 12 आठवड्यांत मी 43 अर्ज केले. बहुतेक कंपन्या सप्टेंबरच्या तुकडीसाठी नवखी मुले घेतात, मध्येच दोन वर्षे शिकलेल्याला सामावून घेण्याची त्यांची व्यवस्था नसते. अखेर विद्यापीठानेच माझे 240 श्रेयांक मान्य करून मला नियमित पदवीच्या तिसऱ्या वर्षात घेतले. त्या एका वर्षाचे शुल्क कर्ज काढून भरले. कंपनीने माझ्याकडे आधीच्या शुल्काची मागणी केली नाही, आणि नियमानुसार ती करताही आली नसती. माझ्या विद्यापीठातील मार्गदर्शक बाई त्या तीन महिन्यांत दर सोमवारी सकाळी नऊला फोन करत होत्या. त्या नसत्या तर मी शिक्षण सोडून दिले असते. म्हणून सांगतो, कंपनीचे नाव पाहण्याइतकेच विद्यापीठ कोणते, आणि त्याच्याकडे अप्रेंटिसना सांभाळणारी माणसे किती, हेही पाहावे.

---

साताऱ्याची वाट

मी साताऱ्यात वाणिज्य शाखेला शिकवते. हा धागा वाचताना कर्मवीर भाऊराव पाटलांची "कमवा आणि शिका" योजना आठवल्याशिवाय राहिली नाही. 1947 मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात मुले श्रम करून शिकली, आणि स्वावलंबी शिक्षण हे रयतचे ब्रीदच आहे. फरक असा जाणवला की तिथे श्रम शिक्षणाचा खर्च भागवत होते, तर इथे कामच अभ्यासाचा विषय झाले आहे. आपल्याकडे 1961 चा अप्रेंटिस कायदा आहे, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 आल्यापासून पदवीतच अप्रेंटिसशिप अंतर्भूत करण्याचे अभ्यासक्रमही सुरू होत आहेत. माझ्या विद्यार्थ्यांना मी पुण्याच्या कंपन्यांत पाठवते तेव्हा अनेकदा त्यांना केवळ कागद भरायला बसवले जाते. कृष्णाकाठ, तुम्हाला विचारायचे आहे की कामाची पातळी वाढत गेली पाहिजे, हे तिथे कोण पाहते?

---

कृष्णाकाठ

मॅडम, हा प्रश्न मूळ लेखातच यायला हवा होता. सुरुवातीलाच प्रशिक्षणाचा एक आराखडा होतो आणि त्यावर कंपनी, विद्यापीठ व उमेदवार या तिघांच्या सह्या असतात. कोणत्या वर्षी कोणते कौशल्य आले पाहिजे हे त्यात लिहिलेले असते, आणि शेवटी अंतिम मूल्यमापनात कामावर आधारित प्रकल्प, पुराव्यांची फाइल, सादरीकरण व तोंडी चर्चा यांतून ते दाखवावे लागते. ज्याने चार वर्षे फक्त बिले ताडली, त्याच्याकडे दाखवायला पुरावाच उरत नाही, आणि मग अडचण एकट्या उमेदवाराची न राहता कंपनीची आणि विद्यापीठाचीही होते. माझा अंतिम प्रकल्प गोदामातून परत येणाऱ्या खराब मालाविषयी होता. त्यासाठी मी त्याच पाळीप्रमुखांकडे पुन्हा गेले, तेव्हा त्यांनी कोपऱ्यातल्या एका लोखंडी कपाटातून सहा वर्षांच्या हस्तलिखित नोंदवह्या काढून दिल्या. संगणकात जे कारण "वाहतुकीत नुकसान" एवढेच नोंदले होते, त्याची नेमकी माहिती त्या वह्यांत होती : कोणत्या मालाची खालची खोकी दबतात, कोणत्या महिन्यात दमटपणाने पुठ्ठा मऊ होतो. माझ्या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा तक्ता त्या वह्यांवरून तयार झाला आहे आणि पहिल्या पानावर त्यांचे आभार मानले आहेत.

निळी शाई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटले. विभाग बंद झाल्यास अंतर्गत बदली मिळेल का, हा प्रश्न मीही करारावर सही करताना विचारला नव्हता. पालकांनी तो जरूर विचारावा.

पुढील शिक्षणाविषयी दोघांनी निरोपातून विचारले आहे. सातव्या पातळीच्या, म्हणजे पदव्युत्तर अप्रेंटिसशिपचा निधी जानेवारी 2026 पासून नव्याने दाखल होणाऱ्या 22 वर्षे व त्यावरील बहुतांश उमेदवारांसाठी बंद झाला आहे. त्यामुळे आधी ही पदवी आणि मग कंपनीच्या खर्चाने तशीच पदव्युत्तर, असा हिशोब मनात धरू नये. मी सध्या दोन वर्षे नोकरीच करायचे ठरवले आहे.

डोंगरवाट, या अर्जांना यूकासच्या, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक अर्जव्यवस्थेच्या, पाच पर्यायांची मर्यादा नसते. अर्ज थेट कंपनीकडे जातो आणि मोठ्या कंपन्यांच्या जाहिराती शरद ऋतूतच येऊ लागतात, म्हणून मुलीने यूकासचा अर्ज आणि हे अर्ज दोन्ही समांतर चालू ठेवावेत. ऑनलाइन चाचणी, ध्वनिचित्रमुद्रित मुलाखत आणि मग दिवसभराचे मूल्यमापन असा क्रम सहसा असतो. ध्वनिचित्रमुद्रित मुलाखतीत समोर माणूस नसतो, प्रश्न पडद्यावर येतो आणि दोन मिनिटांत बोलायचे असते. आपल्या मुली तिथे हमखास "आम्ही" म्हणू लागतात. तिला माझा निरोप द्या. येत्या शनिवारी दुपारी दोननंतर मी मोकळी आहे, आम्ही दोघी बसून सराव करू.